चौतीस माणसं आणि तीस वडापाव

मुलांनो, तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं असेल की आजीने यंदा परीक्षा दिली आणि ती नापास होता होता वाचली. यातलं काहीच खरं नाही. परीक्षा नव्हतीच, आणि नापास तर मी पूर्ण झाले होते. म्हणून खरी हकिगत क्रमवार लिहून ठेवते आहे. थोरल्याने मोठ्याने वाचावं आणि धाकटीने मध्ये प्रश्न विचारू नयेत. प्रश्न शेवटी.

आपल्या पिंपळे गुरवच्या घराच्या खालच्या खोलीबाहेर एक निळी पाटी आहे, ती तुम्ही पाहिली आहे. धाकटीने तिच्यावर एकदा चिकटवलेलं सशाचं स्टिकर अजून निघालेलं नाही. पाटीवर माझं नाव आणि खाली 'कर सल्लागार' असं लिहिलं आहे. कर सल्लागार म्हणजे लोकांचे आयकराचे आणि जीएसटीचे फॉर्म नीट भरून देणारा माणूस. माझ्याकडे लेथवाले येतात, मसाला कांडप चालवणाऱ्या एक बाई येतात, माणच्या आयटी कंपन्यांमधली नवरा-बायको येतात. ही शेवटची मंडळी एकमेकांपासून पगार लपवतात आणि मला मात्र दोघांचेही सांगतात. चाळीस वर्षं हे काम मी करते आहे आणि मला ते आवडतं. कागद वाकडेतिकडे येतात आणि सरळ होऊन जातात. जगात दुसरं फारसं काही असं होत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा जेवणाच्या टेबलावर बाबाने विषय काढला.

"आई, आता पुरे. पाटी उतरव. किती दिवस लोकांचे फॉर्म भरणार?"

"माझा अभ्यास चालू आहे, तोवर."

"आजीला होमवर्क असतो?" धाकटीने विचारलं.

असतो. आम्हा कर सल्लागारांची एक संघटना आहे आणि तिचा नियम आहे की प्रत्येक सभासदाने एप्रिल ते मार्च या वर्षात किमान चोवीस तास अभ्यासवर्गाला बसायचं. कायदा दर वर्षी बदलतो, आणि यंदा तर सगळा आयकर कायदाच नवा आला. बसलं नाही तर आपलं नाव 'कार्यरत सभासद' या यादीतून निघून 'हितचिंतक' या यादीत जातं. हितचिंतक म्हणजे ज्यांना सभेला बोलावतात, पुष्पगुच्छ देतात आणि मत विचारत नाहीत. त्याने काम करायला कायद्याची बंदी येत नाही. पण बाबाला हा नियम कळल्यावर त्याचे डोळे चमकले.

"मग ठरलं," तो म्हणाला. "चोवीस तास भरले तर पाटी राहील. नाही भरले तर उतरवायची आणि वर्षातले सहा महिने इकडे यायचं. कबूल?"

मी पेन मागितलं आणि कागदी रुमालावर हिशेब केला. वर्षात सोळा वर्ग, प्रत्येक दोन तासांचा. सात झाले होते. चार तुमच्याकडे असताना बुडणार होते. उरले पाच. सात आणि पाच बारा, बारा दुणे चोवीस. बरोबर चोवीस, एकही जास्त नाही. फेब्रुवारी-मार्चात मला साधी सर्दीसुद्धा परवडणार नव्हती.

"कबूल," मी म्हणाले.

तुम्हाला सोडून राहायला मला आवडतं असा याचा अर्थ काढू नये. पण सहा महिने मी तिथे करणार काय? तुमच्या आईचे मसाल्याचे डबे मी पहिल्याच आठवड्यात अक्षरांच्या क्रमाने लावले आणि तिला पुढचे तीन दिवस हळद सापडली नाही.

आता वर्ग कुठे भरतो ते सांगते. चिखलीत, एका गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये. संघटनेचं स्वतःचं सभागृह व्हायचं आहे, गेली वीस वर्षं व्हायचं आहे. गॅरेजवाले भाई माझे जुने अशील. त्यांच्या वडिलांचे फॉर्मही मीच भरले. हॉल ते आम्हाला नाममात्र भाड्याने देतात, पण गॅरेज काही आमच्यासाठी बंद ठेवत नाहीत. त्यामुळे आमचं शिक्षण ग्राइंडरच्या तालावर चालतं. शिकवायला येणारी मुलगी हुशार, माणला एका मोठ्या कंपनीत करविभागात काम करते. पहिल्या वर्गात तिला वाटलं आवाज थांबेल, मग बोलू. पाऊण तास ती नुसती हसत उभी राहिली. दुसऱ्या वर्गापासून ती ग्राइंडर श्वास घेई तेवढ्यात एक वाक्य टाकायला शिकली. "जुन्या कायद्यातलं मागचं वर्ष..." घर्रर्र. "...आणि आकारणी वर्ष..." घर्रर्र. "...दोन्ही गेली, आता फक्त कर वर्ष." या पद्धतीने नवा कायदा आमच्या डोक्यात गेला, आणि खरं सांगते, चांगला गेला. एकेक वाक्य सुटं सुटं आल्यामुळे वहीत नीट लिहिता येई.

कलमांचे आकडे बदलल्याचं दुःख मात्र सगळ्यांना झालं. ज्याला उभा जन्म 'ऐंशी सी' म्हणत आलो ते एके दिवशी दुसऱ्याच नंबरच्या घरात राहायला गेलेलं. एक सभासद तर म्हणाले, "बायकोने नाव बदललं असतं तरी चाललं असतं."

मधल्या सुट्टीत मी खाली जाऊन गॅरेजवाल्या भाईंना सांगितलं की सगळा कायदा बदलला.

ते एका रिक्षाखाली आडवे होते. तिथूनच म्हणाले, "बाई, मॉडेल बदललं. इंजिन तेच ना?"

"इंजिन बरंचसं तेच."

"मग घाबरायचं काय! पाना तेवढा नवीन घ्यायचा."

वर्षभरात नव्या कायद्यावर मी जे ऐकलं त्यात हे सगळ्यात नेमकं होतं. मी ते वहीत लिहून ठेवलं. खाली वक्त्याचं नाव लिहायची माझी सवय आहे, तिथे 'रिक्षाखालून' असं लिहिलं.

या भाईंनाच आमची एक खोड सगळ्यात आधी दिसली. आम्हाला ती खोड आहे हेच माहीत नव्हतं.

आयकरात एकूण उत्पन्न दहाच्या पटीत लिहायचं असतं. शेवटचा आकडा पाच किंवा जास्त असला तर वरच्या दहावर जायचं, पाचाहून कमी असला तर खालच्या. चाळीस चाळीस वर्षं हे केल्यावर माणसाचा हात ते आपोआप करतो, डोक्याला विचारत नाही. आमच्या वर्गात चहा-वडापावची ऑर्डर द्यायची वेळ आली की कुणीतरी माणसं मोजायचं आणि ओरडायचं, "सदतीस!" आणि मागून तीन आवाज एकदम, "चाळीस सांगा!" इथवर ठीक. पण चौतीस माणसं असली की त्याच तीन आवाजांत, "तीस सांगा!" आणि तीसच यायचे. चार जण उपाशी. कुणाला त्यात काही चूक वाटत नसे. शेवटचे चार जण "नियम आहे" अशा चेहऱ्याने नुसता चहा प्यायचे.

भाई एकदा बिल घेऊन वर आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "कसले हिशोबी लोक राव तुम्ही! चौतीस माणसांना तीस वडापाव मागवता, आणि पस्तीस आले की चाळीस! एक माणूस वाढला की दहा वडे वाढतात?"

"बरोबरच आहे," आमच्यातलं एक जण म्हणालं.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मलाही बरोबरच वाटलं होतं. इथे थोरल्याने वाचणं थांबवून जरा माझी कीव करावी.

या खोडीचा पद्धतशीर फायदा घेणारा एकच माणूस होता. लातूरकडचे एक सभासद, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे, मला ताई म्हणायचे. बसायचे म्हणजे झोपायचे. ग्राइंडर चालू असला की त्यांना गाढ झोप लागे आणि बंद झाला की दचकून जाग येई. पण मोजणीच्या वेळी ते टक्क जागे. दारात उभं राहून डोकी मोजायचे आणि तेहतीस-चौतीसवर गाडी अडली की फोन लावायचे.

"अरे कुठं हायस? ये की लवकर! एक माणूस कमी पडायलाय!"

"अभ्यासाला की वड्याला?" मी विचारायची.

"ताई, तुमी वाईट अर्थ काढायलाव. ज्ञान वाढावं मनून बोलावलो."

पस्तिसावा माणूस धापा टाकत जिना चढला की चाळीस वडापाव यायचे. उरलेल्या पाचांचं काय होई ते त्यांच्या पिशवीला माहीत. एकदा त्यांनी आभारप्रदर्शनही केलं. आभार मानणाऱ्याला संघटना एक तास जास्तीचा देते, म्हणून. पूर्ण वर्ग झोपेत काढून उठले आणि म्हणाले, "आज मॅडमनी जो विषय मांडला तो इतका महत्त्वाचा होता की त्याबद्दल मी वेगळं काही बोलत नाही." टाळ्या पडल्या. झाले त्यांचे पंचवीस तास.

संघटनेच्या सचिवांचं मात्र असं नव्हतं. वयाने माझ्याहून एक वर्ष मोठे, कायम सफारी, खिशात संघटनेचा शिक्का. हा शिक्का ते घरी ठेवत नाहीत. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दवाखान्यात उशीखाली होता असं ऐकलं. त्यांचं एक वाक्य चिखलीपासून चाकणपर्यंत प्रसिद्ध आहे, "मुदतवाढ मिळणार नाही." मला हा माणूस फार आवडे. आमच्यात एवढाच फरक की मी माझं पेन्सिल-रबर दुसऱ्यांना देते.

मार्चचा शेवटचा शनिवार उजाडला. मला शेवटचे दोन तास हवे होते. वर्ग दहाला, मी साडेनऊला पोचले, आणि जिन्यावरच अडकले, कारण वर्षभरात ज्यांची तोंडं पाहिली नव्हती अशी सगळी माणसं त्या जिन्यावर होती. मुलांनो, आम्ही वर्षभर अशिलांच्या मागे लागतो, "शेवटच्या दिवशी येऊ नका, कागद वेळेवर द्या, ही काय पद्धत आहे का?" तेच आम्ही सगळे शेवटच्या दिवशी तास गोळा करायला आलो होतो. काहींनी हजेरीच्या पावत्या किराणाच्या पिशवीत कोंबून आणल्या होत्या. चाकणहून आलेले एक जण म्हणाले, "माझे सहाच तास आहेत, पण मी मनाने पूर्ण वर्ष तुमच्यातच होतो."

आणि मग ते सुरू झालं, जे आम्हाला सगळ्यात चांगलं येतं.

"मुदतवाढ द्या!"

"पोर्टल चालत नव्हतं!"

"अहो, पोर्टल कुठलं? वर्गाला पोर्टल नाही, जिना आहे."

"जिना चालत नव्हता!"

सचिव खुर्चीवर उभे राहिले, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यासकट. "मुदतवाढ मिळणार नाही. एकतीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्म दिला पाहिजे. नाव, वय, एकूण तास, सही. फॉर्मवर जे लिहिलंय तेच धरलं जाईल. मागाहून रडायचं नाही."

सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील? मी. पहिल्या रांगेत, उभं राहून.

वर्ग झाला. माझे चोवीस पूर्ण झाले. डायरीत मी बारावी रेघ मारली आणि तिथल्या तिथे फॉर्म भरला, सही केली, खालच्या कोपऱ्यावरून झेरॉक्स काढून आणली, मूळ प्रत सचिवांच्या हातात दिली. माझा फॉर्म पहिला होता. घरी जाऊन झेरॉक्स फाइलला लावली आणि तुमच्या बाबाला फोन केला. "पाटीला नवीन रंग द्यायचा विचार आहे," म्हणाले. तो नुसतं "बघू" म्हणाला. अधिकृत यादी आल्याशिवाय तो काही मानत नाही. माझ्यावर गेलाय.

एप्रिलच्या दोन तारखेला सकाळी यादी ग्रुपवर आली. तुमचे आजोबा चहा घेत होते. त्यांनीच आधी पाहिली.

"अगं, तुझी बढती झाली."

"कसली?"

"हितचिंतक."

मी त्यांचा फोन ओढून घेतला. हितचिंतकांच्या यादीत माझं नाव होतं. नीट, शुद्ध, जन्मात कुणी इतकं शुद्ध लिहिलं नसेल असं. आणि कार्यरत सभासदांच्या वर, चौकटीत: सर्वाधिक तास, तीस. सात सभासदांचे सारखेच तीस भरल्याने चिठ्ठी टाकली. शाल-श्रीफळाचे मानकरी, लातूरकडचे आमचे ते.

"तीस?" मी म्हणाले. "त्या माणसाचे पंचवीस आहेत! चोवीस झोपून आणि एक आभार मानून!"

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "ताई, मला शाल भेटायलीय. कशाबद्दल ते काय कळंना, पण तुमच्या शेजारी बसल्याचा गुण असंल."

मी फोन ठेवला, डायरी घेतली, फाइल घेतली. आजोबा चप्पल घालू लागले.

"तुम्ही कुठे?"

"भांडण बघायला."

तुमचे आजोबा चाकणच्या कंपनीत तीस वर्षं तपासणी विभागात होते हे तुम्हाला माहीत आहे. हातात मायक्रोमीटर घेऊन गिअरचे दात मोजायचे. केसाच्या जाडीइतका फरक असला तरी माल परत पाठवायचे. अजूनही ते पोळीची जाडी बोटांनी चाचपून मगच खातात.

सचिवांचं ऑफिस चिखलीतच, भाईंच्या गॅरेजपासून दोन गल्ल्या पुढे. आम्ही आत गेलो तर ते एकटेच बसले होते, समोर एक उघडं खोकं. मी नमस्कार-चमत्कार केला नाही.

"सचिवसाहेब, माझे चार तास कुठे गेले?"

"मॅडम, फॉर्मवर जे आहे तेच..."

"फॉर्मवर चोवीस आहे! माझ्याकडे प्रत आहे. मी तुमच्यासारखी नाही, मी प्रत ठेवते." आणि मी फाइल उघडून झेरॉक्स त्यांच्या समोर आपटली. "वाचा."

त्यांनी चष्मा चढवला. "वीस," ते म्हणाले.

"नीट वाचा."

"वीस."

मी कागद ओढून घेतला. माझं अक्षर. माझी शाई. 'एकूण तास' या शब्दांपुढे माझ्या वळणदार आकड्यांत, खाली दोन रेघा मारून: २०. आणि मुलांनो, सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. तो आकडा पाहूनही क्षणभर मला तो बरोबरच वाटला. चोवीस, म्हणजे वीस. चार गेले खाली. बरोबर आहे की!

आजोबांनी तो कागद माझ्या हातून हळूच काढून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि इतक्या शांतपणे बोलले की त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं.

"चोवीसाच्या मापाला चार तासांची सूट? आमच्याकडे अशा गाडीचं चाक चाकण सोडायच्या आत निघालं असतं."

माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. पंचवीसचे तीस. सात जणांचे सारखे तीस.

"सचिवसाहेब, बाकीचे फॉर्म काढा."

त्यांनी गठ्ठा काढला. मी एकेक उलटत गेले. वीस. तीस. दहा. तीस. वीस. ज्यांचे सहाच तास होते त्या चाकणच्या गृहस्थांनीही प्रामाणिकपणे दहा लिहिले होते. गठ्ठ्यात शून्याशिवाय दुसरा शेवट नव्हता.

"एवढे सगळे आकडे शून्यावर संपतात," मी म्हणाले, "तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. बरं वाटलं," सचिव म्हणाले. "एखादा शून्यावर नसता तर मी फॉर्म परत पाठवला असता."

तेवढ्यात गठ्ठ्यातला शेवटचा फॉर्म माझ्या हाती आला. त्यांचा स्वतःचा. एकूण तास: वीस.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या खोक्याकडे. त्यात शिक्क्याची डबी, संघटनेची घंटी आणि एक कागद होता. वर लिहिलं होतं, 'निरोपाचे दोन शब्द'. शब्द चांगले दोनशे असतील.

"तुम्ही स्वतःचं नाव हितचिंतकांत घातलंत?" मी विचारलं. यादीत मी फक्त माझंच नाव वाचलं होतं. माणूस असा असतो.

"नियम म्हणजे नियम, मॅडम," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरकला. "गुडघ्यामुळे चार वर्ग बुडाले. मला वाटत होतं बारा तरी भरले. पण फॉर्मवर वीस. मग म्हटलं, म्हातारपणी मोजण्यात चूक झाली असेल आपलीच."

"बारा दुणे किती?"

"चोवीस."

"आणि तुम्ही लिहिलेत किती?"

त्यांनी चष्मा पुसून आपलंच अक्षर पुन्हा वाचलं. मग त्यांनी निरोपाचे दोन शब्द खोक्यातून काढून ड्रॉवरमध्ये ठेवले. फाडले नाहीत. पुढे कधी लागतील.

गंमत बघा. पंचवीसवाल्याचं काही बिघडलं नव्हतं, सहावाल्याचं काही सुधारलं नव्हतं. सगळ्या संघटनेत मार बसला होता तो दोघांनाच. काटेकोरपणाचा तोरा मिरवणारी आम्ही दोघं, नेमके चोवीसच तास भरलेली.

"आता सुधारित फॉर्म द्यायचा," मी म्हणाले. चूक सुधारून पुन्हा फॉर्म भरायची सोय आमच्या धंद्यात असतेच.

"मुदत एकतीसला संपली."

"मग..."

आणि पुढचा शब्द माझ्याच्याने उच्चारवेना. चाळीस वर्षांत मी तो कधी मागितला नव्हता. मागणाऱ्यांना मी काय काय बोलले होते! आजोबा माझ्याकडे टक लावून पाहत होते. हेच बघायला ते आले होते.

"मुदतवाढ," मी भिंतीकडे बघत म्हणाले.

"मोठ्याने बोला, मॅडम. मला ऐकू कमी येतं."

"मुदतवाढ द्या!"

सचिवांनी पाच मिनिटं विचार केला. निदान तसं दाखवलं. मग खोक्यातून शिक्का काढला, त्यावर प्रेमाने फुंकर घातली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं: सर्व सभासदांना फॉर्म सुधारण्यासाठी आठ दिवसांची मुदतवाढ, तास पूर्ण आकड्यात लिहावेत, दहाच्या पटीत नव्हे. ठप्प. ग्रुपवर टाकलं. मिनिटभरात पहिलं उत्तर आलं: "आठ म्हणजे दहा धरायचे का?"

लातूरकडच्यांचा फोन पुन्हा आला. "ताई, माझा एक तास जास्तीचा हाय, तो तुमाला देऊ का? पंचवीस झाले की तुमचेबी तीस हुतील."

"नको. तुमची शाल कुणी काढून घेणार नाही, झोपा."

मी सुधारित फॉर्म भरायला बसले. तास: २४. हात दोनदा शून्याकडे वळला, दोनदा मी त्याला डाव्या हाताने धरलं. दुरुस्तीचं कारण लिहायला एक रेघ होती, तिथे लिहिलं, 'सवय'. सचिवांनी आपल्या फॉर्मवर तेच लिहिलं. मग ते अचानक ओरडले.

"अहो! वयाच्या रकान्यातही मी..."

पंचाहत्तरचे त्यांनी ऐंशी केले होते. एकतीस मार्चला पाच वर्षांनी म्हातारे होऊन बसले होते बिचारे. त्यांनी इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला आणि दुसरा घ्यावा लागला. दुसऱ्यावर त्यांनी आकडा लिहून अक्षरांतही लिहिला.

मग त्यांनी माझा फॉर्म उचलला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. वयाच्या रकान्यात, सुधारित फॉर्मवरसुद्धा, माझ्या वळणदार अक्षरात सत्तर लिहिलं होतं.

"मॅडम, हे पण सुधारायचं का?"

आजोबांनी खिशातून चष्मा काढला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि परत खिशात ठेवला.

"मारा शिक्का," मी म्हणाले. "एवढी सूट चालते."

ठप्प.

परतीच्या रिक्षातूनच मी तुमच्या बाबाला फोन लावला आणि यादी सुधारल्याचा फोटो पाठवला. त्याने तो मोठा करून पाहिला असणार. मग म्हणाला, "बरं. पाटी राहू दे." आणि मग, "आई, हितचिंतकांच्या यादीत कुणीतरी खोडल्यासारखं दिसतंय." मी म्हणाले, रेंज जाते आहे.

पाटीला परवा रंग दिला. ससा काढायला रंगाऱ्याने ब्लेड घेतलं होतं, मी नको म्हणाले. पुढच्या वर्षीही सोळाच वर्ग आहेत, म्हणजे मला चार बुडवता येतात. ते चारही तुमच्यासाठी राखून ठेवले आहेत. डायरीत तशा रेघा मारून झाल्या, शाईने. तेवढ्या दिवसांत तुमच्या आईने मसाल्याचे डबे लपवून ठेवले तरी माझी हरकत नाही.

आता धाकटीने प्रश्न विचारावेत. वय सोडून.